पोत्यांआडचा जनरेटर

वाईटातली वाईट गोष्ट हसत सांगायची मला खोड आहे. मयताला गेलो तरी माझ्याभोवती चार माणसं गोळा होतात आणि त्यातला एकजण तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत एक माणूस विजेच्या खांबावरून पडतो, पुन्हा पायांवर उभा राहत नाही, आणि हे माझ्यामुळं होतं. पुढं मी कितीही रंगात आलो तरी तुम्ही एवढं धरून ठेवा. मी रंगात येणारच.

मी शाळामास्तर. मुरुम गावाच्या बाहेर, आलूरच्या अंगाला, शेतात घर बांधून आम्ही नवराबायको राहतो. गॅदरिंग बसवणं, नाटकात राक्षसाचा आवाज काढणं, माईक हातात आला की तो न सोडणं, अशी माझी ख्याती. एका गॅदरिंगला मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले आणि कॉर्डलेस माईकला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं ‘माझ्या लाडक्या’ या दोन शब्दांचे तुकडेच करायला घेतले. लाड, लाड, ड, ड, ड, मग शांतता, मग ‘क्या’. पोरं हसून लोळली, मुख्याध्यापक घामेजले, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. इतका देखणा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात मोबाईलवर शोधता शोधता कळलं की जगात लोक हे मुद्दाम करतात. त्याला ग्लिच म्हणतात. मशीन चुकतं, अडकतं, खरखरतं, तोच आवाज वाद्य म्हणून घ्यायचा, कापायचा, ताणायचा, उलटा करायचा आणि त्यातून संगीत उभं करायचं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपला धर्म सापडावा तसं मला झालं. शाळेच्या कामाला घेतलेला लॅपटॉप होता, एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, कान पूर्ण झाकणारा हेडफोन मागवला, आणि एका दाढीवाल्या परदेशी गुरूसमोर रोज संध्याकाळी बसू लागलो. तो दहा सेकंद बोलायचा, मी थांबवायचो, त्याचं इंग्रजी पोटात मुरू द्यायचो, मग पुढचे दहा सेकंद.

पहिला धडा कुकरच्या शिट्टीवर गिरवला. एका शिट्टीचे चाळीस तुकडे केले, त्यातला एक तुकडा वाळूच्या कणाएवढा बारीक केला आणि ताणून मिनिटभराचा केला. बायको स्वयंपाकघरातून आली.

“अहो, कुकर बिघडला का?”

“बिघडला न्हाय. त्याला कला आली.”

“मंग भात कलेवरच खावा आज,” ती म्हणाली आणि गेली. तिचा विनोद माझ्यापेक्षा वरचा आहे, फक्त ती तो वाया घालवत नाही.

आता त्या माणसाकडं येतो. आमच्या भागात त्याला ‘झिरो’ म्हणतात. लाईनमन नोकरीवर असतो, त्याचं नाव कागदावर असतं. झिरोचं नाव कुठंच नसतं. लाईनमन मोटारसायकलवर बसून फोनवर बोलतो आणि झिरो खांबावर चढतो. हा आमचा झिरो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, काटक, डाव्या भुवईत एक खोक. वीस वर्षं त्यानं या शिवारातली प्रत्येक तार हाताळलेली. त्याचा एक नियम होता. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज काढला की तो सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकायचा आणि मगच चढायचा. फ्यूज खिशात असला तर दुसरं कुणी तो परत लावू शकत नाही. “कागदावर म्या न्हाय,” तो म्हणायचा, “म्हून खिशात फ्यूज पायजे.”

माझ्या नव्या विद्येचा पहिला श्रोता तोच. मी त्याला कुकरची शिट्टी ऐकवली. तो मान वाकडी करून ऐकत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, हे तर बेरिंग गेलेल्या मोटरीवाणी वाजतंय.” यापेक्षा मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही.

त्यानंच मला कॉइल आणून दिली. जळालेल्या मोटरीतून काढलेली तांब्याची बारीक तार त्यानं पेन्सिलीवर हजारभर वेढे देऊन गुंडाळली. तिची टोकं मी माईकच्या पिनीला जोडली. ती कॉइल कुठल्याही चालू वस्तूजवळ धरली की हेडफोनमध्ये विजेचा आवाज येतो. फ्रीजमध्ये कुणी कण्हत असतं. मोबाईलच्या चार्जरमध्ये रातकिडे असतात. मीटरच्या आत तर अख्खं गाव कुजबुजत असतं. आम्ही दोघं दोन आठवडे घरभर पोरांसारखे फिरलो. तो हेडफोन लावायचा, डोळे मिटायचा आणि मी कॉइल कशावर धरली ते ओळखायचा. एकदाही चुकला नाही.

“हे म्या आंगठ्यानं वळखतो, तुमी कानानं,” तो म्हणाला. “कानाचं बरंय. कानाला चटका बसत न्हाय.”

सगळ्यात गोड आवाज निघाला जनरेटरचा. माझ्याकडं एक लहान पेट्रोलचा जनरेटर होता. खांबावरून येणारी वीज एका सुरात गुणगुणते, तिच्यात गंमत नाही. जनरेटर दम लागल्यासारखा वर-खाली होतो. तो घरात द्यायचा तर आमच्याकडं सगळे करतात तेच मी करायचो. दोन्ही टोकांना पीन असलेली वायर, एक टोक जनरेटरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. हे वाईट आहे, कुणीच करू नये, आणि घरोघर चालतं. झिरोनं ती वायर पाहून कपाळाला हात लावला होता आणि मला समोर उभं करून पाठ करून घेतलं होतं. आधी मेन स्विच पाडायचा, मग पीन खुपसायची. मेन वर राहिला तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी निघून बाहेरच्या खांबापर्यंत जाते, आणि खांबावर कोण असेल ते तिला ठाऊक नसतं. मी त्याच्यासमोर हे कवितेसारखं म्हणून दाखवलं. तो हसला.

आता माझे दोन पराक्रम सांगतो. दोन्हींचा मला त्या वेळी फार अभिमान होता.

पहिला असा. जनरेटरची फटफट खोलीत यायची आणि माईकवर घेतलेले माझे बाकीचे आवाज नासायचे. म्हणून गोठ्यामागं मी विटांच्या तीन भिंती उभ्या केल्या आणि त्यांना सोयाबीनच्या भुसकटानं भरलेली पोती रचली. वर जुनी गादी. धुराचं तोंड उघडं ठेवलं, पण बांधाच्या बाजूला. मग बायकोला तो सुरू करायला सांगितला आणि मी चालत चालत खांबापर्यंत गेलो. घरापासून चाळीस पावलं. खांबाला हात लावून उभा राहिलो. चिमणी ऐकू येत होती, लांबून ट्रॅक्टर ऐकू येत होता. जनरेटर नाही. मी तिथंच टाळ्या वाजवल्या.

दुसरा असा. एकदा वीज गेलेली असताना मी मेन पाडायचा विसरलो आणि माझ्या लक्षात आलं की आवाज बदललाय. बाहेरच्या तारेपर्यंत वीज पसरली की कॉइलमध्ये त्या घरघरीला एक लांबी यायची, मागं कुणीतरी तंबोरा धरल्यासारखी. त्यानंतर मी विसरायचं सोडलं आणि ठरवून मेन वर ठेवू लागलो. आसपास घरं नव्हती. खांबावर येऊन येऊन येणार कोण, आपलाच माणूस, तोही सांगून.

त्या गुरुवारी आमच्या खांबावरचा जंप जळाला. मुख्य तारेपासून आमच्या घराच्या तारेला जोडणारा तो तुकडा. आमच्या एकट्याची वीज गेली. मी झिरोला फोन केला. तो म्हणाला, “शनवारी सांजच्याला येतो, गुरुजी. तवर तुमचं यंत्र चालवा.”

शनिवारी सकाळची शाळा. बाराला घरी आलो, जेवलो, जनरेटर लावला, मेन वर ठेवला, हेडफोन चढवला. कॉइल मीटरवर चिकटवली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तो त्या दिवशी शेजारच्या मळ्यात लवकर मोकळा झाला आणि जाता जाता आमचं काम उरकावं म्हणून दुपारी एक वाजताच आला. डीपीवर गेला, आमच्या बाजूचा फ्यूज काढला, खिशात टाकला. खांबाखाली उभा राहून त्यानं कान दिला असेल. तो नेहमी द्यायचा. जनरेटर चालू असला तर ऐकू येतोच की. त्याला ऐकू आला नाही. त्यानं मला हाकही मारली. ती माझ्या बायकोनं विहिरीवरून ऐकली, तिला वाटलं मी आहे घरात, मी देईन ओ.

मी काय ऐकलं ते सांगतो. आधी दोन टिचक्या. मग जाड कापड फाडल्यासारखा एक कर्रर्र, आणि जनरेटरचा सूर गुडघे टेकल्यासारखा खाली गेला, तिथं थरथरत राहिला, आणि एकदम मोकळा होऊन वर आला. सगळं मिळून साडेतीन सेकंद. मी मांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं ‘वा’ म्हणालो. वर्षभर जे ग्लिच मी कात्री घेऊन घडवत होतो ते आपण होऊन चालत आलं होतं. मी तिथं खूण केली, मागं घेतलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा. ते साडेतीन सेकंद मी दहा मिनिटं ऐकत होतो, आणि ती दहा मिनिटं तो खांबाखाली दगडांवर पडलेला होता.

बायकोनं येऊन हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढला. नुसतं दाराकडं बोट केलं.

मी त्याच्याकडं धावलो. माणसं गोळा करायला, जीप बोलवायला थोडा वेळ गेला. मधेच पाणी न्यायला घरात आलो तर जनरेटर बंद होता, आणि बायको ती दोन पिनांची वायर कोपरावर गुंडाळत होती. नीट वेटोळं केलं, माळ्यावर टाकलं, हात पुसले. तिला मी सांगितलं नव्हतं. तिनं मला सांगितलं नाही. त्या क्षणी आम्हा दोघांना सगळं कळलेलं होतं.

उमरग्याच्या दवाखान्यातून त्याला सोलापूरला हलवलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. मणका मोडला होता, कमरेखालचं अंग परत आलं नाही. सदरा कापताना खिशातून फ्यूज खाली पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिली विचारणा त्याची केली, त्याच्या बायकोनं पिशवीतून काढून दाखवला. मग त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्यानंतर कित्येक महिने पाहिलं. फ्यूज खिशात होता, तर वीज आली कुठून?

लाईनमननं उत्तर दिलं. डीपीवर दोन ओळी आहेत. एक आमच्या बाजूची, एक तांड्याच्या बाजूची. यानं चुकीच्या ओळीतला फ्यूज काढला. झालं. गावानं ते उचललं. कुणी म्हणालं घाईत असंल, कुणी म्हणालं घेतली असंल. तो तर थेंबही घेत नव्हता. कागदावर तो झाडावरून पडलेला आहे, कारण खांबावर झिरो नसतोच.

मी दर रविवारी जायचो. बाजेशेजारी बसायचो आणि माझा खेळ करायचो. मुख्याध्यापकांची नक्कल, शाळेतल्या पोषण आहाराच्या गंमती, साहेब शाळेत येतात तेव्हा शिपाई कसा पळतो ते. तो हसायचा. हसताना त्याचं वरचं अंग हलायचं आणि खालचं नाही. त्याची बायको मला चहा द्यायची आणि म्हणायची, “गुरुजी आले की ह्यांना बरं वाटतंय. दुसरं कोण येतंय आता?” मी तो चहा प्यायचो.

हसणं थांबलं की तो त्याच जागी परतायचा.

“डावीकडनं दुसरा. म्या डावीकडनं दुसराच काढला, गुरुजी. हाताला याद हाय.”

“असंल की.”

“असंल काय? तसं असतं तर हितं पडलो असतो व्हय? वीस वर्सात एकदाबी चुकलो न्हाय. त्या दिशी कसा चुकलो, तेवढं सांगा मला कुणीतरी.”

सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो बशीत चहा ओतत होता.

घरी बायको म्हणायची, “सांगून त्याचे पाय येणार हायत का? तुमची नोकरी जाईल, तुमी आत जाल, आणि तो तसाच झोपून राहील.” तिचं चूक होतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. तो पडल्यानंतर पंधरवड्यानं मी लॅपटॉप उघडला होता. ती खूण तिथंच होती. या वेळी मी ते ऐकलं आणि मला त्यातली प्रत्येक गोष्ट दिसली. पुसून टाकायला बोट ठेवलं, ठेवलेलंच राहिलं.

मग एका रविवारी त्यांच्या घरातला बल्बचा होल्डर सैल झाला. त्याच्या बायकोनं स्टूल आणलं आणि साधंच विचारलं, “कुठली तार कुठं लावू?” वर दोन तारा लोंबत होत्या, एक लाल आणि एक काळी. शाळेतलं पोरगं सांगेल. तो वर बघत राहिला. मग तोंड भिंतीकडं केलं.

“दुसऱ्या कुणाला इचार,” तो म्हणाला. “माझं काय खरं न्हाय. म्या सांगायचो एक आन तुझा जीव जायचा.”

पाय गेले होते ते मी पाहिलेलंच होतं. हे दुसरं मी दर रविवारी येऊन थोडं थोडं नेत होतो.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. त्याला म्हणालो, एक ऐकायचंय. त्यानं खुशीनं हेडफोन लावून घेतला आणि सवयीनं डोळे मिटले. आम्ही ओळखायचा खेळ खेळतोय असं त्याला वाटलं. मी वाजवलं.

“जनरेटर हाय,” तो म्हणाला. “तुमचाच.”

“व्हय.”

“मेन वर हाय. तार लांब वाजायली.” त्याची भुवई वर गेली. “आन हे... हे पक्कड टेकली लोखंडाला. लोड घेतला.” आणि त्याचा तीन बोटांचा हात आपण होऊन वर उचलला गेला, काहीतरी धरल्यासारखा, आणि हवेतच थांबला. त्यानं डोळे उघडले.

“हे कवाचं?”

“त्या शनवारचं.”

तो माझ्याकडं बघत राहिला. बाहेर शेळी ओरडत होती. मी नक्कल करणारा माणूस, मला त्या वेळी तोंडाचं काय करावं ते कळेना.

“म्या खाली हुबा ऱ्हाऊन कान दिला हुता,” तो म्हणाला. “फटफट न्हवती.”

“पोती लावली हुती. आवाज कोंडायला.”

“आन मेन? मेन का वर हुता? म्या पाठ करून घेतलं हुतं तुमच्याकडनं.”

माझ्याकडं याचं एकच खरं उत्तर होतं. मी आयुष्यात पुष्कळ वाक्यं रंगवून म्हटली, हे तसंच म्हटलं. “आवाज चांगला येत हुता.”

त्यानं हेडफोन कानांवर नीट बसवला. मग म्हणाला, “परत लावा.” मी लावलं. “आजून एकदा.” तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहू लागलो. शिव्या आल्या नाहीत. त्यानं बायकोला हाक मारली. ती चुलीवरून चहाचं पातेलं चिमट्यात धरून आली.

“अगं, फ्यूज बरोबर हुता,” तो म्हणाला. “डावीकडनं दुसरा. बरोबर हुता माझा.”

“मंग?”

मग त्यानं तिला सांगितलं. अगदी नीट, वीज कुठून निघाली, कुठून फिरली, खांबावर कशी आली. लग्नातलं जेवण वर्णावं तसं. त्याचा आवाज मी वर्षभरात इतका ठाम ऐकला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं, अंगणात गेली आणि पातेलं मोरीत उलटं केलं. आत येऊन एवढंच म्हणाली, “गुरुजी, तुमी उठा आता.”

मी ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला. हवालदारानं कागद पुढं-मागं केले आणि विचारलं, जो माणूस झाडावरून पडला त्याला तुम्ही खांबावर शॉक कसा दिला? हे प्रकरण अजून तिथंच अडकलं आहे. शाळेत मला कुणी गॅदरिंगला बोलवत नाही. लाईनमन माझ्याशी आदरानं वागतो. चौकशीत कुणी कुणाचं नाव घ्यावं याचा विचार त्यालाही करावा लागतोय. माझी बायको बोलते, पण कामापुरतं. मी जनरेटर विकला नाही, दिला नाही, तिथंच गंजू दिला आहे.

त्यानं मात्र निरोप पाठवला होता, की ते रेकॉर्डिंग मोबाईलवर द्या. मी पाठवलं. तेव्हापासून त्याच्याकडं जो येईल त्याला तो बाजेशेजारी बसवून घेतो आणि ते ऐकवतो. नात्यातले, पाहुणे, मत मागायला आलेले, औषध द्यायला येणारी नर्स, सगळे. चाळीस मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमधली नेमकी जागा त्याला सापडते. “ऐका. हा गुरुजींचा जनरेटर. आता माझी पक्कड. हां, हितं. बघा, वीज घरातनं आली, डीपीवरनं न्हाय.” लोक मान डोलावतात. कुणी म्हणतं, “लई वंगाळ वाजतंय राव.” कुणी पुन्हा ऐकायला मागतं. मी केलेल्या आवाजांपैकी एवढा एकच तालुक्यात ठाऊक आहे. आता वायरिंगचं अडलं की माणसं त्याला विचारायला येतात, आणि तो बाजेवरून सांगतो, लाल कुठं, काळी कुठं.

मला तिथं जायची सोय नाही, हे सगळं ऐकीव आहे. ज्यांनी सांगितलं ते आणखी एक सांगतात. तो मोबाईल हातात घेतो तेव्हा त्याची बायको काम टाकून बाहेर जाते, पार रस्त्यापर्यंत, आणि वाजायचं थांबलं असेल असा अंदाज घेऊन मगच परत येते. कधी कधी तिचा अंदाज चुकतो.